कमरेवरचं चामडं

डिसेंबरात पेपरवाले निफाडचा पारा छापतात.
आमच्या देवळाली कॅम्पाचा कुणी छापत नाही,
पण वालदेवीच्या पुलावर सकाळी सव्वासहाला
स्कूटीची मूठ धरलेली बोटं
आकडा बरोबर सांगतात.

स्वेटरातून वारा आरपार जातो.
म्हणून बाबांनी दुकानाच्या खुंटीवरचं जॅकेट काढलं,
काळं, जड, जुन्या मापाचं,
झटकलं, आणि म्हणाले, घाल.

अकरा वर्षं ते तिथे टांगलेलं होतं.
कुणी कॅप्टन चेन बदलायला टाकून गेला.
बदलीचा हुकूम आला असेल,
किंवा दुसरं काही,
जे आम्ही दुकानात बोलत नाही.
दर दिवाळीआधी बाबा त्याला तेल लावत.
ज्याचे पैसे मिळणार नाहीत असं ते एकच काम
मांडीवर घेऊन, रेडिओ बंद करून.

सातपूरला मी गेज तपासते.
मायक्रॉनचं काम, श्वास जपून घ्यायचा.
तिथे खरोटे साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं
आणि म्हणाले, हे ऑफिसला शोभत नाही.
काय, सर?
हे.
बोट जॅकेटच्या दिशेनं आलं
आणि मध्येच हवेत थांबलं.

बाहेरचे पाहुणे येतात, म्हणाले,
बुलेटवाल्या पोरांसारखं दिसतं,
नियमात ‘सभ्य पोशाख’ असं स्पष्ट आहे.
मी मान खाली घातली.
ऐकायला नव्हे, मोजायला.
बूट चामड्याचे, आजच पॉलिश केलेले.
पट्टा चामड्याचा, तिसऱ्या भोकापाशी फाकलेला.
पाकिटानं मागचा खिसा फुगलेला.
घड्याळाचा पट्टासुद्धा,
पण हात खाली सोडलेला होता,
म्हणजे तोही कमरेखालीच.

तर कमरेपर्यंत चालतं.
त्याच्या वर आलं की शोभत नाही.
हे मी बोलले नाही.
ओके सर म्हणाले.

जेवताना वासंती मॅडमनी विचारलं,
कशाचं गं आहे?
मेंढीचं, मी म्हणाले.
खरं म्हणजे मला ठाऊक नाही.
बाबा अंगठ्यानं दाबून, हुंगून सांगतील,
पण मी त्यांना कधी विचारलं नाही
आणि आता तर नाहीच विचारणार.
मॅडमनी डबा जरासा सरकवला.
इंचभर असेल.
इंच म्हणजे पंचवीस हजार चारशे मायक्रॉन.

निखत म्हणाली, शनिवारी मला दे,
कॉलेज रोडला मिरवून आणते त्याला.
आम्ही दोघी हसलो,
ती जरा जास्तच मोठ्यानं.

घरी सांगितलं.
बाबा टाचेला खिळे मारत होते, तोंडात तीन.
ते काढून म्हणाले,
मशीनजवळ घालू नको, बाही अडकते.
मग पुन्हा खिळे तोंडात.
शोभण्याचं त्यांनी काही म्हटलं नाही.
बऱ्याच वेळानं, दुसऱ्या टाचेपाशी,
आतला खिसा बघ म्हणाले.

खिशात त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी.
चेन, अस्तर, एकशे चाळीस, बाकी नव्वद.
नावावर पाणी पडलेलं, शेवटी नुसतं ‘वाल’.
तो आला तर द्यावं लागेल हं,
अंगावरचं काढून.

आता मी गेटपर्यंत घालते.
दशरथ वॉचमन आपल्या केबिनमध्ये
रेनकोटाशेजारी लटकवून ठेवतो.
संध्याकाळी त्याला तंबाखूचा वास असतो,
पण तेवढं चालतं.
शोभण्याची हद्द आमच्याकडे गेटपासून सुरू होते,
गेटबाहेर नुसती थंडी.

पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला
कधी शेजारी एखादा म्हातारा येऊन थांबतो,
जुनी गाडी, पाठ ताठ, केस बारीक कापलेले.
मग मी उगाचच चेन खाली ओढते
आणि पुन्हा गळ्यापर्यंत वर नेते.
सावकाश, त्याला दिसेल अशी.
बघू दे.
अजून कुठे अडकत नाही.